दोन कंपन्यांची एक जाहिरात

शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी नाटकाची जाहिरात हातात घेतली की पहिल्यांदा खटकतं ते हे, की तिच्यात बहुधा चित्र नसतं. नायिकेचा मुखडा नाही, तलवार उपसलेला नायक नाही. आहेत ती फक्त अक्षरं. वर कंपनीचं नाव, मग नाटकाचं, मग नाटककाराचं, मग वार, तारीख, वेळ, थिएटर आणि शेवटी दरांची उतरंड. स्त्रियांची बसायची सोय वेगळी असेल तर तेही छापायचं. पातळ कागदावरचं हे हस्तपत्रक सकाळी गावात वाटलं जाई आणि मोठ्या आकाराचा कागद नाक्यावरच्या भिंतीला खळीने चिकटे. टांग्यात बँड बसवून, बाजूला पाटी लावून गावभर चक्कर मारली की कंपनीची प्रसिद्धी पुरी झाली.

चित्रं छापता येत नव्हती अशातला भाग नाही. पुण्याच्या चित्रशाळेतून १८७८ पासून रंगीत शिळाछाप तसबिरी निघत होत्या. रविवर्म्याच्या छापखान्याने, आधी घाटकोपर आणि मग लोणावळ्याजवळच्या मळवलीहून, देवदेवतांना घराघरांत पोचवलं होतं. मग नाटकवाल्यांनी चित्राचा मोह का आवरला? याचं कारण धंद्यात आहे, असं मला वाटतं. अमेरिकेत त्याच काळात ‘बेन-हर’ हे नाटक गाजत होतं. रंगमंचावर खरे घोडे फिरत्या पट्ट्यावर धावत आणि रथांची शर्यत होई. सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीने १९०१ साली त्या शर्यतीचं रंगीत पोस्टर छापलं. तिथे एकच नाटक घेऊन कंपनी वर्षानुवर्षं गावोगाव हिंडे, म्हणून दगडावर चित्र काढायचा खर्च परवडत होता. आपल्याकडची मंडळी एका मुक्कामात एका पाठोपाठ वेगवेगळी नाटकं लावत. शनिवारी ‘सौभद्र’, रविवारी ‘शारदा’, बुधवारी आणखी काही. जाहिरात एका रात्रीपुरती, म्हणून तिला छपाईचे खिळेच बरे. सकाळी जुळवले, दुपारी छापून मोकळे झाले. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी देवनागरीचे सुबक टाइप पाडून ठेवले होतेच. चित्रावर खर्चायचा पैसा कंपन्या आत, पडद्यांवर, खर्च करत. बाहेर अक्षरं, आत रंग.

अक्षरांवरच सगळा भार असल्यामुळे त्यांच्या आकाराला भलतंच महत्त्व आलं. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं जाड टाइपात, कुणाचं ‘इतर मंडळी’त, यावरून नटांची किंमत गावाला कळायची आणि नटाला स्वतःलाही. पण त्याआधी, मराठी संगीत नाटकाच्या आरंभी, जाहिरातीला वेगळंच काम होतं. तिला प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत होतं की हा प्रकार आहे तरी काय. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हाच्या पत्रकात पारशी आणि इंग्रज लोकांच्या ऑपेराचा दाखला देऊन त्याच धर्तीचा हा खेळ आहे, असा खुलासा केलेला होता. कालिदासाचं नाटक, आणि ओळख करून द्यायला ऑपेरा! पण अण्णासाहेबांचा अंदाज चुकला नाही. पुढे तीस वर्षांत खुलाशाची गरज राहिली नाही. ‘संगीत’ हा एक शब्द नाटकाच्या नावाआधी छापला की पुरे होत असे.

‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, तेव्हा जाहिरातीवर कंपनीचं नाव किर्लोस्कर नाटक मंडळीचं होतं. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. हा माणूस ‘केसरी’तला, टिळकांच्या तालमीतला. त्यांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि सरकारनेही नेमका तोच पाहिला. १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला तसा अधिकार दिलेलाच होता. टिळक तेव्हा मंडालेला. अशा वेळी खाडिलकरांनी हाती घेतली ती गरीब सेनापती आणि श्रीमंताची मानी मुलगी यांची प्रेमकथा. धैर्यधर पराक्रमी, पण खिशाने रिकामा. भामिनी त्याचा अपमान करते. पुढे तीच वनमाला हे नाव घेऊन त्याच्या छावणीत राहते आणि त्याच्यावर भाळते. पैसेवाला लक्ष्मीधर मात्र भित्रा निघतो. संपत्तीपेक्षा शौर्य मोठं, हे सूत्र सेन्सॉरला आक्षेपार्ह वाटण्यासारखं नव्हतं. ज्याला त्यातून काही घ्यायचं होतं, त्याने घेतलं.

गोविंदराव टेंबे यांनी त्याला चाली दिल्या. पूरबच्या ठुमऱ्यांचा लडिवाळपणा मराठी रंगमंचावर आणण्याचं मोठं श्रेय या नाटकाकडे जातं. भामिनी झाले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. घरात असं झालेलं असताना जाहिरात लागलेली, तिकिटं गेलेली, म्हणून ते रात्री तोंडाला रंग लावून उभे राहिले. ही हकीकत मराठी माणसाला ठाऊक असते आणि ती सांगताना बालगंधर्वांच्या निष्ठेचा गौरव होतो. तो व्हावाच. पण भिंतीवर लागलेल्या एका कागदाचा धाक किती असायचा, हेही तिच्यातून कळतं.

दोनच वर्षांनी, १९१३ साली, बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. नटाला मिळालेलं बिरुद आता थेट कंपनीच्या नावात जाऊन बसलं. हे बिरुद लोकमान्य टिळकांनी दिलं, असं परंपरेने सांगतात. व्यापाराच्या दृष्टीने याहून भारी नाव मिळणं कठीण. लोकांनी बालगंधर्वांचं नाव आणि रूप हरतऱ्हेच्या मालाला चिकटवलं आणि सुखवस्तू घरांतल्या बायका लुगडं, दागिना, केसांची ठेवण त्यांच्यावरून उचलू लागल्या.

दुसऱ्या बाजूला होते केशवराव भोसले. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. बालगंधर्वांहून दोन वर्षांनी लहान. घरची गरिबी, म्हणून लहानपणीच नाटक कंपनीत पडले आणि स्वदेशहितचिंतक मंडळीत देवलांच्या ‘शारदे’ची भूमिका करून पोरवयात नाव कमावलं. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा वय होतं सतरा. सतराव्या वर्षी कंपनीचा मालक! या कंपनीने मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ यांसारखी नाटकं केली. हुंडा, धर्मांतर असले चालू काळाचे विषय केशवरावांनी अंगावर घेतले. पडदे रंगवायला कोल्हापूरचेच आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे होते.

गाण्यात तर दोघांची तऱ्हाच वेगळी. बालगंधर्वांना भास्करबुवा बखल्यांची तालीम. केशवरावांच्या कंपनीला वझेबुवांच्या चाली. बालगंधर्वांचा स्वर हलका, लयीत मुरलेला, एकेका शब्दाला गोंजारत जाणारा. केशवरावांचा आवाज उंच, धारदार, आणि ताना घेताना हातचं न राखणारा. साहजिकच प्रेक्षकांत दोन तट पडले. एका तटाचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या खेळाला गेला तरी उणं काढायलाच जाई. या तटांना जातीची किनार अजिबात नव्हती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. कोल्हापुरात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद तेव्हा चांगलाच पेटलेला होता. पण हे चित्रही वाटतं तितकं सरळ नाही. केशवरावांवर शाहू महाराजांचा लोभ होता, तसा बालगंधर्वांवरही होता. नारायणाचा कान दुखावलेला असताना त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचारांसाठी धाडणारे आणि किर्लोस्कर मंडळीकडे त्याची वाट मोकळी करून देणारे शाहू महाराजच.

तर १९२१ साल उजाडलं तेव्हा हे दोघे दोन कंपन्यांचे मालक, दोन तटांचे नायक, आणि एका जाहिरातीवर दोघांची नावं येण्याची काडीचीही शक्यता नाही, अशी स्थिती होती.

मग मध्ये राजकारण आलं. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड सुरू झाला. बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने ठरवलं की ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे, एक कोटी सभासद करायचे आणि वीस लाख चरखे चालू करायचे. मुंबईने थैल्या मोकळ्या सोडल्या. अर्देशीर गोदरेज यांनी एकट्याने तीन लाख दिले. व्यापाऱ्यांनी दिलं, गिरणीवाल्यांनी दिलं, बायकांनी अंगावरचं काढून दिलं. मग नाटकवाल्यांनी काय द्यावं? त्यांच्याजवळ रोख बेताचीच. गंधर्व मंडळी तर त्या सुमारास कर्जात रुतलेली. खाडिलकरांच्या ‘द्रौपदी’सारख्या नाटकांवर पाण्यासारखा पैसा ओतलेला होता. नाटकवाल्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे एक रात्र.

दोन्ही कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ करायचं ठरलं. ‘संयुक्त मानापमान’ हे नाव त्याला तेव्हापासून पडलं ते आजतागायत. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. ८ जुलै १९२१, शुक्रवार, मुंबईचं बालीवाला ग्रँड थिएटर. कोटीची मुदत उलटून आठवडा झाला होता, पण फंडाची हवा ओसरली नव्हती. योगायोग असा की त्याच दिवशी कराचीत अली बंधूंची खिलाफत परिषद सुरू झाली आणि तिथे सरकारच्या फौजेत नोकरी करणं धर्माविरुद्ध आहे असा ठराव झाला. देशात असं वारं सुटलेलं आणि मुंबईत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, तिकीट मिळालं का?

तिकिटाचा सर्वांत वरचा दर शंभर रुपये होता. तेव्हा शंभर रुपयांत सुमारे तीन तोळे सोनं येई. हे आकडे शेजारी ठेवले म्हणजे त्या दराचा अर्थ कळतो. आणि तरीही थिएटर भरलं. जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रँट रोड भागातलं हे थिएटर खुर्शेदजी बालीवाला या गाजलेल्या पारशी नटाच्या नावाचं. पिला हाऊसचा हा सगळा परिसर नाटकगृहांचा. १८५३ साली सांगलीकर विष्णुदास भावे मुंबईत खेळ करायला आले तेही ग्रँट रोडच्याच नाटकगृहात. म्हणजे अडुसष्ट वर्षं मराठी नाटक या रस्त्यावर भाड्याच्या जागेत आपली हौस भागवत होतं. त्या रात्री मात्र रस्ता त्याच्या मालकीचा होता.

जाहिरातीचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने उभा राहतो. कंपनीचं नाव सर्वांत वर, ही इतकी वर्षांची रीत. आता वर नाव कुणाचं? गंधर्वांचं म्हणावं, तर ललितकलादर्शचे लोक बिथरायचे. उलट करावं, तर नाटक मुळात ज्यांनी अकरा सालापासून गाजवलं त्यांचा मान जायचा. यावर ‘संयुक्त’ या शब्दाने जी सोय केली ती मला फार चतुर वाटते. नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ हा शब्द चाळीस वर्षं बसलेला होता. त्याच्या शेजारी दुसरा शब्द येऊन बसला आणि दोन्ही कंपन्यांची भांडणं त्या एका विशेषणात जिरली. लोकांनाही दुसरं काही सांगायची गरज नव्हती. नाटकाची गोष्ट पाठ, पदं पाठ, चाली तर शीळ घालण्याइतक्या पाठ. नवं काय, तर समोरासमोर उभी राहणारी दोन नावं.

आणि काय गंमत बघा. पहिल्या अंकात भामिनी धैर्यधराला झिडकारते. म्हणजे गंधर्व मंडळीचे मालक ललितकलादर्शच्या मालकांचा भर रंगमंचावर अपमान करणार, तोही दोन्ही तटांच्या प्रेक्षकांसमोर! पुढच्या अंकांत तीच भामिनी वनमाला होऊन त्याच्या पायाशी येणार. दुसरं कुठलंही नाटक निवडलं असतं तर दोन गवयांची जुगलबंदी झाली असती, बस्स. ‘मानापमाना’ने त्या चढाओढीला पात्रं दिली, प्रसंग दिले. निवड करणाऱ्याच्या मनात हे असो वा नसो, निवड अचूक होती.

त्या रात्री कोण सरस ठरलं, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. जे थिएटरात होते त्यांनी घातला, आणि जे नव्हते त्यांनी अधिक हिरिरीने घातला. केशवराव चढ्या आवाजात सुटले आणि बालगंधर्वांनी शांतपणे बाजू सांभाळली, असं एक म्हणणार. दुसरा नेमकं उलटं. वन्समोअरच्या काळात नाटक संपायला पहाट उजाडायची, त्यामुळे भांडायला मुद्देही भरपूर. मी यात निकाल देणार नाही, देण्यासारखा पुरावाच नाही. हिशोब मात्र आहे. एका रात्रीत सुमारे सोळा हजार रुपये जमले. मुंबईने फंडाला जे लाखोंनी दिलं त्यापुढे ही रक्कम लहान आहे. पण स्वतःच्या कंपनीवर कर्ज असताना एका नटाने आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी उभं राहायला तयार झालेल्या दुसऱ्या नटाने ती उभी केली, हे विसरून चालणार नाही. खाडिलकर त्या वर्षी मुंबईत ‘लोकमान्य’ दैनिकाचे संपादक होते. बंदी आलेल्या ‘कीचकवधा’ने जे साधलं नव्हतं, ते निरुपद्रवी ठरलेल्या ‘मानापमाना’ने साधलं. नाटकातला एकही शब्द न बदलता त्याचा पैसा थेट स्वराज्याच्या खात्यात गेला, आणि सरकारला हरकत घ्यायला जागा राहिली नाही.

पाठोपाठ ‘संयुक्त सौभद्र’ही झालं. ३१ जुलैला परळला परदेशी कापडाची मोठी होळी पेटली. दोन्ही कंपन्या आपापल्या मुक्कामाला लागल्या. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. एकतीस वर्षांचं वय. संयुक्त प्रयोगाला तीन महिनेही झाले नव्हते.

ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली. बालगंधर्वांनी कंपनीवरचं कर्ज एकट्याच्या शिरावर घेतलं आणि गाऊन फेडलं. बाबूराव पेंटर केव्हाच सिनेमाकडे वळले होते. १९२० साली त्यांनी काढलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वरूनच घेतलेला होता. नाटक बंद पाडलं तरी गोष्ट बंद पडत नाही, ती अशी. आणि चित्रपटाची जाहिरात करायची वेळ आली तेव्हा, इतकी वर्षं थिएटरच्या आत पडदे रंगवणाऱ्या या माणसाने ब्रश बाहेर काढला. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर हे आपल्याकडच्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. सिनेमाचा खेळ रोज तोच, आठवडे न् आठवडे तोच, म्हणून चित्र परवडलं. नाटकाला न परवडलेली गोष्ट सिनेमाने उचलली आणि अक्षरांची जाहिरात मागे पडत गेली.

माझं एक ठाम मत आहे. नाटकाचा इतिहास आपण नटांच्या आठवणींवरून लिहिला, आणि आठवणी तटाच्या असतात. गंधर्वांचा माणूस गंधर्वांचं लिहिणार. जाहिरातीला तट नसतो. ती स्वतःच्या कंपनीची बढाई मारते खरी, पण तारीख, थिएटर आणि दर याबाबत तिला खोटं बोलता येत नाही, कारण संध्याकाळी लोक दारात उभे राहणार असतात. कुठलं नाटक कुठल्या गावात कितीदा लागलं, बायकांना बसायला जागा कधी मिळाली, नाटककाराचं नाव कधी मोठं झालं आणि कधी आकसलं, स्त्रीच्या भूमिकेत पुरुष आहे हे सांगायची गरज केव्हा पडू लागली, ही सगळी उत्तरं त्या पातळ कागदात आहेत. पण तो कागद एका रात्रीसाठीच छापलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यात कुणीतरी चणे बांधले.

म्हणून वाचकांना एक सांगणं आहे. घरातली जुनी ट्रंक उपसताना, पोथीच्या पुठ्ठ्यात, पदांच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं असं एखादं पत्रक सापडलं तर ते रद्दीत टाकू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेवा, कुठे आणि कुणाच्या सामानात मिळालं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, आणि तुमच्या गावातल्या जुन्या वाचनालयाला किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेला कळवा.